किहीमची कॉफी आणि गावचा पैसा

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि मुंबईकर आपल्या मोटारीसह समुद्रमार्गे अलिबाग तालुक्यात उतरू लागला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाल्यावर रस्त्याची वाटही जवळ आली. या दोन घटनांनी किहीमसारख्या गावांचे अर्थकारण पालटू लागले आहे. आलेल्या पाहुण्याला चहाइतकीच कॉफीही हवी असते. ती त्याला गावातल्या छोट्या उपाहारगृहाने पाजावी की महानगरातल्या नामांकित साखळीने, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल; परंतु गावाच्या उपजीविकेशी त्याचा निकटचा संबंध आहे.

साखळी-कॉफीगृहांचा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. कॉफीच्या विक्रीवरील कॉफी मंडळाची मक्तेदारी नव्वदीच्या दशकात टप्प्याटप्प्याने संपली. १९९६ मध्ये बंगलोरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान निघाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाटा समूहाशी भागीदारी करून ‘स्टारबक्स’ मुंबईत हॉर्निमन सर्कल येथे अवतरली. त्यानंतर ही संस्कृती मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावांकडे सरकत गेली.

या साखळ्यांवर केवळ परकेपणाचा ठपका ठेवून भागणार नाही. स्वच्छ प्रसाधनगृह, फलकावर लिहिलेला भाव, सर्वत्र सारखी चव आणि एका पेल्यावर तास-दोन तास निवांत बसण्याची मुभा या गोष्टी त्यांनी ग्राहकाला दिल्या. एकट्या स्त्रीला किंवा पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्याला तेथे कोणी उठवत नाही. ओले टेबल पुसण्याची तसदी न घेणाऱ्या आणि गिऱ्हाईक उठण्याची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या हॉटेलवाल्याने स्पर्धेच्या नावाने गळा काढला, तर त्याच्याविषयी सहानुभूती वाटणे कठीण आहे.

तथापि, हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गावातला दुकानदार दूध जवळच्या गवळ्याकडून घेतो, नारळ शेजारच्या वाडीतून आणतो आणि हाताखाली गावचीच मुले ठेवतो. त्याच्या गल्ल्यात पडलेला रुपया गावात चार हातांतून फिरतो. साखळीची कॉफी, पेले, केक, एवढेच नव्हे तर भिंतीचा रंगही मध्यवर्ती कचेरी ठरवते. गावाच्या वाट्याला येतात त्या काही नोकऱ्या आणि जागेचे भाडे. शिवाय पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँची बंद होतात आणि पाहुणे रोडावतात. त्या दिवसांतही एस.टी.ची वाट पाहणारा शिक्षक आणि ग्रामपंचायतीतला कारकून यांच्यासाठी चूल पेटती ठेवतो तो गावातलाच दुकानदार. एका पेल्याला दोनशे रुपयांहून अधिक मोजणे या गिऱ्हाइकाच्या आवाक्यातले नाही.

मोठेपणा म्हणजे स्थैर्य, हा समजही खरा नाही. कर्जाच्या ओझ्याखाली ‘कॅफे कॉफी डे’च्या शेकडो शाखा बंद झाल्या. उलट, केवळ जिव्हाळ्यावर दुकान चालत नाही, हे मुंबईच्या इराणी हॉटेलांनी दाखवून दिले. एकेकाळी नाक्यानाक्यावर असलेल्या या हॉटेलांपैकी आज थोडीच उरली आहेत. त्यांच्याविषयी हळहळणारे पुष्कळ. तेथे नित्य जाऊन बसणारे मात्र कमी झाले.

मग मार्ग कोणता? त्याचे एक उत्तर कॉफीच्याच इतिहासात सापडते. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला सुरू झालेली ‘इंडिया कॉफी हाऊस’ ही साखळी पुढे कॉफी मंडळाकडे आली. पन्नाशीच्या दशकात मंडळाने ती बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून कमी झालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या. त्यांतली पहिली १९५७ मध्ये बंगलोरला स्थापन झाली. मालक आणि वाढपी एकच असलेली ही कॉफीगृहे अनेक राज्यांत आजही चालू आहेत. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात किनाऱ्यावरच्या महिला बचतगटांना हे अशक्य का असावे? जायफळ घातलेली दुधाची कॉफी मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या होत आली आहे. जायफळाचे झाड नारळाच्या सावलीत वाढते, कोकण कृषी विद्यापीठाने त्याची ‘कोकण सुगंधा’ ही जातही दिली आहे. कॉफी तर आपल्या चिखलदऱ्यालाही पिकते. उणीव आहे ती नेटकेपणाची, भांडवलाची आणि एकत्र येण्याची.

साखळ्यांना गावबंदी करावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९३० साली ज्या किहीममध्ये सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला, त्या गावाचे खरे भांडवल तेथील झाडी, वाड्या आणि शांतता हेच आहे. त्या भांडवलावर धंदा करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो गावचा असो वा परका, आपला कचरा उचलावा आणि गावच्या तरुणांना काम द्यावे, असा आग्रह ग्रामपंचायतीने धरणे रास्तच ठरेल. उरलेला निर्णय पाहुण्याच्या हाती आहे. गावच्या सावलीत विसावणाऱ्याने आपला पैसा कोणाच्या गल्ल्यात पडतो, याचा क्षणभर विचार केला, तरी पुष्कळ साधेल.