विदर्भाच्या कॅलिफोर्नियातलं हिरवं टाकं

वरूडला आमच्या काकाजींच्या घरामागं, संत्र्याच्या बागेला लागून एक टाकं आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल. नातवंडांना पोहता यावं म्हणून हौसेनं बांधलं, आतून निळ्या टाइल्स लावल्या. मग नातवंडं पुण्याला गेली आणि टाक्याकडं कोणी फिरकेना. या मे महिन्यात पोट्टे सुट्टीला यायचे होते. मी पोचले तेव्हा पाणी इतकं हिरवं झालं होतं की वीतभर खालचं दिसत नव्हतं, आणि काठावर काकाजी मोरचुदाची पिशवी घेऊन उभे.

"तू शेवाळावरच पीएच.डी. करून राह्यली नं बाई? मंग सांग, किती टाकाचं?"

मी म्हटलं, टाकूच नका.

संत्र्याच्या गावात मोरचूद घरोघरी असतो, बोर्डो मिश्रणासाठी. तांब्यानं शेवाळ मरतं हेही खरं. पण आमचं बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात बरंचसं तांबं कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, म्हणजे जास्त टाकावं लागतं. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. पुढं ते पाणी आणि तो गाळ बागेतच जाणार. शिवाय मेलेलं शेवाळ पाण्यातच राहिलं तर पुढच्या शेवाळाचं खत होतं.

दुसरा सल्ला शेजाऱ्यांचा: मोटर लावा, उपसून टाका. यावर काकाजीच भडकले. "काहून फेकाचं एवढं पाणी?" हिशोब सोपा आहे. टाक्यात ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी. संत्र्याच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर लागतं. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या एकरभर बागेत साधारण ११० झाडं धरा. म्हणजे त्या एकराचं जवळजवळ चार दिवसांचं पाणी. आणि वरूड तालुका भूजलाच्या बाबतीत अतिशोषित वर्गात मोडतो. इथं टाकं उपसून पुन्हा बोअरनं भरायचं म्हणजे चैनच.

तसंच राहू द्यावं, तर डास. वरूड-मोर्शीला आपण कौतुकानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो. त्या खऱ्या कॅलिफोर्नियात, बेकर्सफील्ड शहरात, २००७ साली घरकर्जाचे हप्ते थकले, लोक घरं सोडून गेले आणि मागच्या अंगणातले पोहण्याचे तलाव हिरवे पडले. विल्यम राइसेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. थकबाकीच्या नोटिसा ३०० टक्क्यांनी वाढल्या आणि त्या उन्हाळ्यात वेस्ट नाइल विषाणूचे रुग्ण २७६ टक्क्यांनी. बँकेचा हप्ता आणि डासाची अळी यांचा असा संबंध लागेल हे कोणाच्या डोक्यात आलं असतं? आपल्याकडं अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. हे टाकं काही वर्षांत एकदाही कोरडं पडलं नव्हतं.

मग उरलं क्लोरीन. गावात ज्याला टीसीएल पावडर म्हणतात तीच. पण नुसती टीसीएल ओतूनही भागलं नसतं, आणि यातली गंमत मला सगळ्यात आवडते.

क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं. एक हायपोक्लोरस आम्ल, हे जंतू आणि शेवाळ झपाट्यानं मारतं. दुसरं हायपोक्लोराइट आयन, हे फार मंद. कोणतं किती, ते पाण्याचा पीएच ठरवतो. पीएच ७.५ ला दोन्ही साधारण निम्मे-निम्मे. ८.२ ला कामाचं रूप १७ टक्क्यांच्या आसपास. ९ ला जेमतेम तीन टक्के. आता शेवाळ काय करतं? उन्हात प्रकाशसंश्लेषण करताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यानं पीएच वर चढतो. आमच्या टाक्यात सकाळी ८.२ होता, दुपारी दोनला ९ च्या वर. म्हणजे भर दुपारी क्लोरीन टाकलं तर शेवाळ त्याला जवळजवळ निकामी करून ठेवतं. वर ऊन असं की उरलेलंही तास-दोन तासांत संपतं. ठरवून करत नाही ते बिचारं, पण परिणाम तोच.

म्हणून आधी शेवाळच काढायचं. बांबूला जाळी बांधून काठावरूनच पालापाचोळा काढला. तळ दिसत नाही तोवर पाण्यात कोणीही उतरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं. मग तुरटी. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम तुरटी विरघळवली आणि टाक्याच्या पाण्याच्या दहा-दहा लिटरच्या तीन बादल्यांत २०, ४० आणि ६० मिली टाकली. दुसरी बादली छान निवळली, तिसरीत फारसा फरक नाही. म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम, पूर्ण टाक्याला दोन किलोच्या आत. पहाटे टाकली, कारण पीएच कमी असताना तुरटी जास्त चांगली काम करते आणि तेव्हा शेवाळाला ऑक्सिजनचे बुडबुडे चिकटून ते वर तरंगत नाही. दुसऱ्या सकाळी तळाशी हिरवी साय बसलेली. ती पाइपानं ओढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली.

त्यानंतर थोडं-थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पीएच ७.४ वर आणला. इथं जरा थांबून वाचा: आम्ल आणि टीसीएल कधीही एका भांड्यात आणू नका, एकाच्या डब्यात दुसऱ्याचा मगसुद्धा बुडवू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्ही आम्ल सकाळी टाकलं, मोटर दिवसभर फिरवली आणि टीसीएल दिवस मावळल्यावर. लिटरला दहा मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर ४८० ग्रॅम लागतं. ताज्या टीसीएलमध्ये ते तिसरा हिस्सा असतं, म्हणजे दीड किलो; आमची पिशवी उघडून ठेवलेली, म्हणून दोन किलो घेतली. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळ ओतली.

सकाळी ओटी टेस्ट केली, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच. पिवळा रंग नावालाही नाही! काकाजींचा चेहरा पडला. पण हे अपेक्षितच होतं. पाखरांची विष्ठा आणि कुजलेला पाला यांतला अमोनिया आणि सेंद्रिय माल आधी क्लोरीन खातो. ती भूक भागल्याशिवाय पाण्यात काही शिल्लक राहत नाही. (तलावावर जो उग्र वास येतो तोही बहुतेक या अर्धवट भागलेल्या भुकेचा, क्लोरॅमिनचा, स्वच्छतेचा नाही.) दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच डोस. तिसऱ्या सकाळी नळीत चक्क संत्र्याचा रंग आला, म्हणजे क्लोरीन भरपूर उरलं होतं.

मेलेलं शेवाळ गाळायला काकाजींनी ठिबकचा सँड फिल्टर आणून जोडला. हे मला सुचलं नव्हतं. पाचव्या दिवशी निळ्या टाइल्स दिसल्या, आणि तळाशी एक स्टीलचा गिलास, जो काकू दोन वर्षं शोधत होत्या.

आता क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅममध्ये ठेवलंय, रोज संध्याकाळी थोडी टीसीएल. पोट्टे दिवसभर पाण्यात. ते परत गेले की टीसीएल बंद करायची, टाक्याला चार दिवस ऊन खाऊ द्यायचं, ओटी टेस्टला रंग येत नाही हे पाहायचं आणि मग पाणी बागेत सोडायचं. तेही बोअरच्या पाण्यात मिसळून, कारण क्लोरीन गेलं तरी क्लोराइड मागं राहतं आणि संत्र्याच्या झाडाला ते जास्त सोसत नाही.