काडतूस बसतं, पण चालतं का? जुन्या गरँड रायफलीच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण व्याख्येचे तीन दोष पाहिले : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. नैयायिकांची गाय आठवत असेल. 'शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय' म्हटलं की म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. त्यावर अमेरिकेतल्या एका श्रोत्यांनी विचारलं आहे, "सर, माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गरँड आहे. .३०-०६चं कुठलंही काडतूस तिच्यात बसतं. मग ते चालतं असं म्हणावं का?" प्रश्न उत्तम आहे. (आपल्याकडे असली लष्करी रायफल सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. तेव्हा हे तिकडच्या मंडळींसाठी.)

उत्तर : नाही. 'बसतं' ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही.

आधी नाव बघा. .३० म्हणजे नळीचा आतला व्यास, ०.३० इंच. ०६ म्हणजे १९०६ साल, काडतूस सैन्याने स्वीकारलं ते. आत दारू कुठली, गोळी किती जड, याबद्दल हे नाव मुकं आहे. रायफल स्वीकारली गेली १९३६ साली. गंमत म्हणजे जॉन गरँड तिची जुळणी .२७६ व्यासाच्या काडतुसासाठीही करत होते. १९३२ मध्ये सेनाप्रमुख मॅकआर्थरनी.३०च ठेवायचं ठरवलं. पुढे महायुद्धात तिला जे काडतूस मिळालं ते 'एम-२ बॉल'. गोळी सुमारे १५० ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास, आणि दारू मध्यम वेगाने जळणारी. रायफलीचं यंत्र जमलं आहे ते या काडतुसाशी.

आता यंत्र. गोळी नळीतून पुढे जाते आणि तोंडाजवळ एक बारीक छिद्र ओलांडते. त्या छिद्रातून थोडा तप्त वायू खाली सिलिंडरमध्ये शिरतो आणि एक लांब दांडा मागे ढकलतो. त्याला ऑपरेटिंग रॉड म्हणतात. हा दांडा बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. दांडा सरळ नाही, नळीखालून वळण घेत जातो. जास्त जोराचा धक्का बसला तर तो वाकतो, आणि मूळ बनावटीचे दांडे आता जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात.

इथेच लोक फसतात. दाबाचा कळस येतो चेंबरपाशी, अगदी सुरुवातीला. पण दांड्याला कळसाशी देणंघेणं नाही. त्याला भेटतो तो छिद्रापाशी उरलेला दाब. चुलीत काटक्या भप्पकन पेटून विझतात, ओंडका रेंगाळत जळतो, तसंच. जड गोळीच्या शिकारी काडतुसात बहुधा सावकाश जळणारी दारू असते. कळस नियमात बसतो, पण गोळी छिद्रापाशी पोचते तेव्हाही दाब चांगलाच शिल्लक असतो. म्हणजे आधुनिक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत निर्धोक असलेलं काडतूस इथे घातक. दोष काडतुसाचा नाही, जोडीचा आहे.

या रायफली नागरिकांना विकणारी संस्था म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम. तिचा इशारा असा : गोळी १७२-१७४ ग्रेनपेक्षा जड नको आणि दाब ५०,००० सीयूपीपेक्षा जास्त नको. हा 'आणि' आहे बरं का, 'किंवा' नव्हे. शिवाय सीयूपी आणि पीएसआय ही वेगळी एककं. आकड्याला आकडा लावू नका. मी यात दारूच्या जळण्याची तिसरी अट घालीन. नुसतं वजन बघणंही अतिव्याप्तच, कारण हलक्या गोळीमागे वेगासाठी जादा भार चढवलेली काडतुसं मिळतात. सोपा मार्ग म्हणजे खोक्यावर 'एम-१ गरँडसाठी' असं स्पष्ट छापलेलं काडतूस घ्यावं. छिद्रापाशी आलेला जादा वायू सोडणारा प्लग मिळतो, त्याने दांडा वाचतो. चेंबरमधला दाब मात्र त्याने कणभरही कमी होत नाही.

जुना लष्करी साठा स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो. महायुद्धकाळातल्या बहुतेक काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असे. ते जळून मिठासारखा क्षार नळीत उरतो आणि हवेतला ओलावा ओढतो. कोकणात खिडकीच्या गजांचं काय होतं ते ठाऊक असेल. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्याच दिवशी आधी पाण्याने धुवावं, पूर्ण कोरडं करावं, मग तेल.

घरी भरलेल्या काडतुसांबद्दल एकच सांगतो. या रायफलीची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट आपटून बंद होताना ती टोपीला हलकेच शिवते. टोपी नरम असेल किंवा किंचित वर राहिली असेल, तर चाप न ओढताच बार उडू शकतो, कधी बोल्ट नीट बंद होण्याआधीच. म्हणून टोपी लष्करी कडकपणाची हवी आणि पुंगळीच्या तळाच्या किंचित आत बसलेली हवी. सुटं काडतूस चेंबरमध्ये ठेवून त्यावर बोल्ट सोडायचा नाही.

आणि हे सगळं करण्याआधी रायफल जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घ्या. काही गरँडना अमेरिकन नौदलाने ७.६२ नाटो काडतुसासाठी बदललं होतं. तेव्हा 'बसतं' हेसुद्धा गृहीत धरू नका, आधी नळीवरची खूण वाचा.