कॅसेटवर न मावलेलं गाणं

'यू-टू' या आयरिश बँडचा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम ५० मिनिटांचा आहे. माझ्याकडे होता तो ४५ मिनिटांचा. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, सांगलीला आमच्या घरी आला की एखादी कॅसेट उचलून न्यायचा आणि पुढच्या सुट्टीत काहीतरी भरून परत आणायचा. एकदा त्याने नेली ती वडिलांची ९० मिनिटांची कॅसेट. तिच्या एका बाजूला रेडिओवरून उतरवलेली वसंतराव देशपांड्यांची नाट्यपदं होती. दुसरी बाजू कोरी होती, तिथे त्याने होस्टेलवरच्या कुणाकडून तरी 'जोशुआ ट्री' भरून आणला. अकरापैकी दहा गाणी बरोबर बसली. अकराव्याच्या तोंडाशी फीत संपायची आणि टू-इन-वनचं बटण खटकन वर यायचं. डबीतल्या कागदावर दादाने नावं मात्र अकराही लिहिली होती. त्यामुळे 'मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड' या नावाचं एक गाणं आहे, एवढं मला माहीत होतं.

हे १९८८ सालचं. अल्बम आदल्या वर्षी, मार्च १९८७ मध्ये आला होता. त्या बँडला प्रत्यक्ष ऐकलं ते १५ डिसेंबर २०१९ ला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, त्याच दादाच्या शेजारी बसून. यू-टूचा भारतातला तो पहिला कार्यक्रम. तिकिटं माझ्या मुलीने काढली होती. दादा दुपारीच पुण्याहून माझ्याकडे पनवेलला आला आणि आम्ही हार्बरची लोकल पकडून नेरुळला उतरलो.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९७६ साली डब्लिनमधल्या माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर लॅरी मलन या चौदा वर्षांच्या मुलाने चिठ्ठी लावली, की बँड काढायचा आहे, वाजवणारे हवेत. जे आले त्यांतून पुढे चौघं टिकले. ड्रमवर लॅरी, बेस गिटारवर ॲडम क्लेटन, गिटारवर डेव्हिड एव्हान्स म्हणजे 'एज', आणि गाणारा पॉल ह्यूसन म्हणजे 'बोनो'. मुंबईत आले तेव्हा ते अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांचे होते. १९७८ पासून तेच चौघं. इतकी वर्षं एकाच संचात वाजवणं रॉक संगीतात फार दुर्मीळ आहे.

तो दौरा 'जोशुआ ट्री'चाच होता. अल्बममधली सगळी गाणी, ज्या क्रमाने अल्बमवर आहेत त्याच क्रमाने. मुंबई हा त्या दौऱ्याचा शेवटचा मुक्काम होता.

मुख्य मंचाच्या मागे साठेक मीटर रुंदीचा पडदा आणि पुढे, थेट गर्दीत शिरलेला, झाडाच्या सावलीच्या आकाराचा छोटा मंच. सुरुवातीला लॅरी एकटा चालत त्या छोट्या मंचावर आला, बसला आणि 'संडे ब्लडी संडे'चा लष्करी चालीचा ठेका सुरू झाला. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला आणि तेरा जण जागीच गेले, चौदावा नंतर. त्या रविवारचं हे गाणं. आम्ही बसलो होतो ते लांब, वरच्या गॅलरीत. लॅरीची काठी खाली आलेली आधी दिसायची, ठोका नंतर ऐकू यायचा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर बसलेल्या माणसाकडे तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. मी पनवेलला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. विजेचा लोळ आणि गडगडाट यांचं उदाहरण आम्ही वर्गात नेहमी देतो. तिथे ते ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला होत होतं.

चार गाण्यांनंतर चौघं मोठ्या मंचावर गेले, पडदा लाल झाला आणि 'जोशुआ ट्री'चं पहिलं गाणं सुरू झालं, 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'. या गाण्यावर थांबायलाच हवं.

आधी ऑर्गनचे लांब सूर हळूहळू जवळ येतात. मग एजची गिटार, सहा स्वरांची एक आवर्तनं घेणारी जागा. ती सुरुवातीला आपल्याला दादऱ्यासारखी सहाच्या चालीत ऐकू येते आणि ड्रम व बेस आले की अख्खं गाणं चारच्या चालीत वळतं. गिटारचे स्वर तेच राहतात, पायाखालची जमीन बदलते. हे वळण रेकॉर्ड करताना इतकं अवघड गेलं, की त्यावरच फार दिवस जाऊ लागले. निर्माता ब्रायन ईनो शेवटी टेप पुसूनच टाकायला निघाला होता आणि स्टुडिओतल्या इंजिनिअरने त्याला अडवलं, हा किस्सा त्या मंडळींनीच सांगितलेला आहे.

आता एजची करामत. त्याची गिटार एका डिले यंत्रातून जाते. वाजवलेला स्वर ते यंत्र थोड्या वेळाने पुन्हा ऐकवतं. हा 'थोडा वेळ' एज लयीला बांधून घेतो. तो असतो पाऊण मात्रेचा. समजा, तो एका मात्रेत दोन स्वर वाजवतोय, म्हणजे दुगुन. प्रत्येक स्वराचा पडसाद पाऊण मात्रेनंतर येतो आणि नेमका पुढच्या दोन स्वरांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. हात दुगुन वाजवतो आणि कानाला चौगुन ऐकू येते. तबल्यावर वाढलेल्या आपल्या कानांना हे चटकन पटावं. यात वेगाचा दिखावा कुठेही नाही. एक माणूस स्वतःच्याच मागे राहिलेल्या आवाजाशी लय जुळवून वाजवतो. त्यासाठी हात किती स्थिर लागत असेल! जराशी लय हलली तर पडसाद स्वरावर आदळतील आणि सगळं गढूळ होईल.

या गाण्याची गती मिनिटाला साधारण १२६ मात्रा. पाऊण मात्रा म्हणजे सुमारे ०.३६ सेकंद. एवढ्या वेळाने हाक परत यायची असेल तर समोरची भिंत साठ मीटरवर असायला हवी. हा हिशोब मी गॅलरीत बसून केला आणि अंगावर काटा आला. सांगलीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ते गाणं साठ मीटरवरची भिंत सोबत घेऊनच आलं होतं. तेव्हा ऐकताना छाती मोकळी व्हायची, खोली मोठी झाल्यासारखी वाटायची. त्यात कल्पनेचा भाग होताच, पण त्या गाण्यात खरोखरच एक मैदान भरलेलं होतं आणि आज मी तशाच मैदानात बसले होते.

"अगं, हा बेस आपल्याकडे नव्हताच," दादा कानात ओरडला. 'विथ ऑर विदाउट यू' चाललं होतं. त्यात ॲडम क्लेटन चारच स्वर घेऊन जवळजवळ अख्खं गाणं उभं करतो. खरंच, आमच्याकडे तो बेस नव्हता. बेस गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला ४१ कंपनं करते. हवेतली तिची लहर आठ मीटरहून लांब असते. वीतभर स्पीकरच्या टू-इन-वनमधून तेवढी हवा हलत नाही. आपला कान वरच्या स्वरांवरून खालचा स्वर ताडून घेतो, एवढंच. नेरुळला तो स्वर आधी बरगड्यांना लागला, खुर्चीच्या दांड्यातून हाताला लागला. दहा गाणी तोंडपाठ होती, पण ती ज्याच्यावर उभी होती तो पाया मला तीस वर्षं ऐकूच आला नव्हता.

मानसशास्त्रज्ञ सांगतात, की माणसाला आयुष्यातल्या इतर काळापेक्षा साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी जास्त आठवतात, आणि त्या वयातली गाणी तर फारच. म्हणून जुना बँड ऐकायला जाणारा माणूस तारुण्य परत मिळवायला जातो, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अपुरं वाटतं. मी तिथे सोळा वर्षांची झाले नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला जे कळतं, जे वाचून झालंय, ते घेऊन मी ती गाणी ऐकली आणि ती त्या सगळ्याला पुरून उरली.

उदाहरणार्थ, 'रनिंग टू स्टँड स्टिल' हे मला एक हळवं गाणं एवढंच वाटायचं. ते डब्लिनच्या बॅलीमन वसाहतीतल्या हेरॉइनच्या विळख्याबद्दल आहे. 'वन ट्री हिल' हे ग्रेग कॅरल या न्यूझीलंडच्या माओरी तरुणासाठी आहे. तो बँडसाठी काम करायचा आणि १९८६ साली डब्लिनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. 'रेड हिल मायनिंग टाउन'मागे १९८४-८५ चा ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा संप आहे. गिरणी संपाचं नुकसान ज्या महाराष्ट्राने पाहिलं, त्याला संप मोडल्यावर घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको. या गाण्याची पट्टी इतकी उंच, की तीस वर्षं त्यांनी ते मंचावर घेतलंच नव्हतं. २०१७ मध्ये पहिल्यांदा घेतलं, ते पट्टी उतरवून. मुंबईतही तसंच उतरवलेलं होतं. मला ते मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा जास्त आवडलं. हरलेल्या कामगाराचं गाणं वयस्क, खालच्या आवाजात जास्त खरं वाटतं.

आणि मग दहावं गाणं संपलं. पुढे काय येणार हे माहीत होतं. सीडीवर, फोनवर मी ते मधल्या वर्षांत ऐकलंही होतं. तरी दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. हजारो तरुण मुलं-मुली उचलली गेली आणि त्यांचा ठावठिकाणा कधीच सांगितला गेला नाही. १९७७ पासून त्यांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून ब्वेनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात दर गुरुवारी फेऱ्या घालू लागल्या. एल साल्वादोरमध्येही अशाच आयांची संघटना होती आणि बोनो तिथे त्यांना भेटला होता. हे गाणं त्या आयांचं. त्यात आक्रोश नाही. लॅरीचा दबका ठेका आणि त्यावर अगदी सपाट जाणारा आवाज. मोठ्या आवाजाच्या गाण्यांनी उसळणारं मैदान त्या वेळी शांत झालं. ज्या गाण्याचं फक्त नाव दादाच्या अक्षरात माझ्याकडे होतं, ते पूर्ण, शेवटच्या स्वरापर्यंत समोर वाजलं.

पुढे 'अल्ट्राव्हायोलेट' गाताना त्यांनी पडद्यावर कर्तृत्ववान स्त्रियांचे चेहरे दाखवले. त्यांत २०१७ साली बंगळुरूत घराच्या दारात गोळ्या घालून मारल्या गेलेल्या पत्रकार गौरी लंकेश होत्या. आयांच्या गाण्यानंतर तो चेहरा पाहणं जड गेलं, आणि तो तिथे असणं मला अत्यंत योग्य वाटलं. ए. आर. रहमान आपल्या मुली खतिजा आणि रहीमा यांच्यासह 'अहिंसा' गायला आले. त्या गाण्यात तिरुक्कुरळमधल्या तमिळ ओळी आहेत. टाळ्या खूप पडल्या. गाणं म्हणून मला ते तितकं भिडलं नाही.

२०२३ मध्ये लास व्हेगासच्या 'स्फिअर' या नव्या सभागृहात यू-टूचे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा ड्रमवर लॅरी नव्हता. शस्त्रक्रियेमुळे तो थांबला होता आणि त्याच्या जागी ब्राम व्हान डेन बर्ग हा डच वादक होता. नेरुळला आम्ही चौघांनाही पाहिलं, याचं मोल दादाला आणि मला तेव्हा जास्त कळलं. आता तो दर काही महिन्यांनी फोन करतो आणि आमचा ठरलेला वाद होतो. त्याच्या मते त्या रात्रीचं सर्वांत चांगलं गाणं 'बुलेट द ब्लू स्काय', माझ्या मते 'रेड हिल'.

वर्गात प्रतिध्वनीचा धडा आला की मी 'स्ट्रीट्स'ची पहिली पावणेदोन मिनिटं लावते, गाणारा आवाज येण्याआधीची. फळ्यावर ३४० आणि ०.३६ हे दोन आकडे लिहिते आणि भिंत किती लांब आहे ते काढायला सांगते. कुणीतरी १२० मीटर म्हणतं, शेजारचा लगेच म्हणतो, अरे, जाऊन परत यायचंय, अर्धं कर. साधारण साठ मीटर, असं उत्तर आलं की मी आवाज वाढवते आणि गाणं पुढे चालू ठेवते, तास संपत आला असला तरी.