कमानीचे यू-बोल्ट व त्यांचा ताण

कार्तिकातील अखेरच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडी भागात, बुल टेंपल रस्त्यावर, ‘कडलेकाई परिषे’ ही भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. शेंगांची पोती लादलेल्या टेंपोच्या भाराचा मोठा वाटा मागील आसावर पडतो, आणि पोलादी पाट्यांच्या कमानी तो पेलतात. कमानीला आसाशी जखडून ठेवण्याचे काम सामान्यतः प्रत्येक बाजूस दोन यू-बोल्ट व त्यांचे चार नट करतात. गर्दीच्या रस्त्यावर वाहनाची सुरक्षितता पुष्कळ अंशी त्यांवर अवलंबून असते.

कमानीच्या मधोमध आणखी एक बारीक बोल्ट असतो. पाटे एकत्र रचून ठेवणे व कमानीची आसावरील जागा निश्चित करणे, एवढेच त्याचे कार्य. कमान खरी धरली जाते ती यू-बोल्टच्या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणाने. हा दाब घटला की जो मधला भाग निश्चल राहावयास हवा, तोही प्रत्येक खड्ड्यागणिक वाकू लागतो. छिद्रामुळे पाटा तेथेच दुर्बळ असल्याने तो तेथेच मोडतो. मधला बोल्ट तुटल्यास आस मागेपुढे सरकतो आणि वाहन तिरके चालू लागते.

नट आवळणे म्हणजे बोल्टला ताण देणे होय. बोल्ट किंचित लांबतो व पूर्वस्थितीस येऊ पाहतो. हाच ताण पाट्यांना दाबून धरतो. मात्र पान्याने दिलेल्या पिळाचा सुमारे 10 ते 15 टक्के भागच ताणाच्या कामी येतो. उरलेला आट्यांतील व नटाखालील घर्षणात खर्च होतो. म्हणून गंजलेल्या आट्यांवर नट घट्ट भासला तरी बोल्टला पुरेसा ताण मिळालेला नसतो. उलट तेलकट आट्यांवर तेवढ्याच पिळाने तो अति ताणला जातो. वंगणाविषयी उत्पादकाची सूचना पाळावी. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकास 400 न्यूटन बळ काटकोनात लावल्यास 200 न्यूटन-मीटर पीळ मिळतो. तथापि हाताच्या अंदाजावर न विसंबता पीळ मोजणारा पाना वापरावा.

कामापूर्वी चाकांना उटी लावून सांगाडा भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली शिरू नये. बैठकीवरील गंज, माती व रंगाचे थर काढावेत. एकदा ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. चारही नट प्रथम हाताने बसवून, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. नटांबाहेर आलेले आटे सर्वत्र सारखे असावेत. अखेरचा पीळ वाहन चाकांवर उभे असताना द्यावा.

कमानीच्या टोकांस रबरी बुश असल्यास तेथील बोल्टही वाहनाचे वजन चाकांवर आल्यावरच आवळावेत. मागील भाग अधांतरी असताना आवळल्यास रबर त्याच स्थितीत पकडले जाते, वाहन खाली येताच पिळले जाते आणि लवकर फाटते.

नवी जोडणी काही शे किलोमीटर धावल्यावर दबून बसते व बोल्टचा ताण उतरतो. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरानंतर सर्व नट पुन्हा मोजून आवळावेत. ही दुसरी तपासणी पहिल्या आवळणीइतकीच आवश्यक आहे.