केळीबागेचा फोटो उघडत का नाही?

रावेर-यावलकडे वादळात केळीची बाग आडवी झाली की शेतकरी आधी मोबाइलवर फोटो काढतो. तोच फोटो जळगाव-धुळ्याच्या एखाद्या सेवा केंद्रातल्या जुन्या संगणकावर कधीकधी उघडतच नाही. फोटो खराब नसतो. तो ‘एचईआयसी’ प्रकारातला असतो. ॲपलने २०१७ साली आयफोनमध्ये हा प्रकार आणला, कारण तेवढ्याच दर्जाचा फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. १९९२ सालचा जेपीईजी मात्र जवळजवळ सगळ्या यंत्रांना वाचता येतो.

फाइलच्या नावाशेवटी नुसते ‘जेपीजी’ लिहून भागत नाही; आतली रचना तीच राहते. आयफोनवर फोटो ‘फाइल्स’मध्ये साठवा, त्यावर बोट दाबून धरा, ‘क्विक ॲक्शन्स’मधून ‘कन्व्हर्ट इमेज’ घ्या आणि जेपीईजी निवडा. पुढचे फोटो थेट तसेच हवे असतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’.

आधार कार्डाचा किंवा बँक पासबुकाचा फोटो अनोळखी संकेतस्थळावर चढवून बदलून घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. मूळ फोटोही पुसू नका. तो कधी काढला, आणि लोकेशन चालू असेल तर कुठे काढला, याची नोंद त्यात असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती निघून जाते.