भंडारदरा : दोन दिवसांचा बेत

कसं जाल : रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटीमार्गे शेंडी गाव. मुक्काम शेंडीतच करावा.

काय पाहाल : प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६चं, त्यामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. एक अख्खी सकाळ मात्र रतनवाडीसाठी राखून ठेवा. अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिरावरचं कोरीवकाम घाईत पाहण्याजोगं नाहीच, आणि पाठीशी रतनगड उभा असतो. रंधा धबधबा पावसाळ्यात.

कळसूबाई (१,६४६ मीटर) : पायथा बारी गावात. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. लहान मुलं, आजी-आजोबा सोबत असतील तर हा बेत वेगळा ठेवावा.

काजवे : मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. टॉर्च, गाडीचे दिवे बंद ठेवा. त्या प्रकाशाने त्यांचं मीलन बिघडतं.