मायफळाचा पत्ता

आमच्या घरी बाळगुटीचा डबा होता. वेखंड, सुंठ, हळकुंड, मुरडशेंग आणि त्यांच्यात बोराएवढं, खडबडीत, राखी रंगाचं मायफळ. आजी सहाणेवर दूध घालून एकेक जिन्नस उगाळायची, मायफळाचे मोजून दोन वेढे. नावातच फळ असल्यामुळे ते फळच असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. मग एकदा काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेलं मायफळ फोडून पाहिलं. आत बी नव्हतंच. मधोमध छोटीशी पोकळी होती आणि तिथून बाहेरपर्यंत गेलेलं एक सरळ भोक.

ते भोक एका माशीनं पाडलेलं. तुर्कस्तानापासून इराणपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात ओकची एक ठेंगणी जात वाढते. गांधीलमाशीच्या गणातली एक चिमुकली माशी त्या ओकच्या फांदीवरच्या डोळ्यात अंडं घालते. मग झाडच त्या अळीभोवती गाठ वाढवतं, तेच मायफळ. अळीला घरही तेच आणि अन्नही तेच. गाठीत निम्म्याहून जास्त टॅनिन असू शकतं. युरोपातली काळी शाई शतकानुशतकं अशा गाठी आणि हिराकस यांच्यापासून बनत असे. बिनभोकाच्या गाठीला व्यापारात भाव जास्त, कारण माशी उडून गेली की टॅनिन कमी भरतं.

अशी गाठ कुठं सापडेल, हे आधी सांगता येईल का? जिथं झाड तिथं गाठ, असं आपण सहज म्हणू. पण ब्रिटनची गोष्ट निराळं सांगते. रंग आणि शाईसाठी 1830च्या सुमारास मायफळाच्या माशीची एक जवळची बहीण डेव्हन परगण्यात आणली गेली. ब्रिटनमध्ये ओक मुबलक होते, पण तेवढ्यानं तिचं भागत नाही. तिची एक पिढी देशी ओकवर गोटीएवढ्या गाठीत वाढते. त्या पिढीत फक्त माद्याच असतात. त्या शरद ऋतूत उडतात आणि तुर्की ओक या दुसऱ्याच जातीच्या डोळ्यांत अंडी घालतात. तिथं वसंतात तांदळाच्या कणीएवढ्या गाठींतून नर-माद्यांची पिढी निघते. तुर्की ओक मूळचा दक्षिण युरोपातला. 1735 पासून इंग्रजांनी तो हौसेनं बागांमधून लावला होता, म्हणून माशीला उत्तरेकडे स्कॉटलंडपर्यंत सरकता आलं. तिचा नकाशा माळ्यांनी आधीच आखून ठेवला होता!

आज हे काम संगणक करतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेली मॅक्सेंट ही पद्धत खूप वापरात आहे. कीटक जिथं सापडला त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश द्यायचे. तापमान, पाऊस, उंची यांचे थर द्यायचे. मग कुठली जागा त्याला किती मानवेल, याचा शून्य ते एक असा आकडा नकाशाच्या चौकटी-चौकटीला मिळतो. गाठी करणाऱ्या कीटकांच्या बाबतीत यजमान झाडाचा नकाशा हाही एक थर हवाच, आणि यजमान दोन असतील तर दोन. खरी अडचण नोंदींची. त्या रस्त्याकडेच्या, विद्यापीठांजवळच्या असतात. आतल्या डोंगरात कुणी गेलंच नाही, तर संगणक तो डोंगर नापसंत ठरवून मोकळा होतो.

आपल्या पांगाऱ्यावरही अशीच एक माशी आली आहे. लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. 2004 मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं. 2005 मध्ये ती हवाईत दिसली आणि तिथल्या विलीविली या देशी पांगाऱ्याची पालवी गाठींनी वाकडीतिकडी झाली. 2006 मध्ये संशोधकांनी ती जगात कुठवर पसरू शकेल याचा नकाशा मांडला. तोवर केरळातही ती पोचली होती, जिथं मिरीचे वेल पांगाऱ्यावर चढवतात. हवाईत 2008 मध्ये तिचा शत्रू कीटक टांझानियाहून आणून सोडला, तेव्हा झाडं सावरू लागली. म्हणजे नकाशाला शत्रूचाही थर लागतो. आणि पांगाऱ्याची फांदी रोवली की रुजते. ती बांधाबांधानं दिली-घेतली जाते, तिच्यासोबत अळ्याही जातात. हवामानाच्या कुठल्याच थरात ही देवघेव दिसत नाही.

फुलं झडून पांगाऱ्याला नवी पालवी आली की मी देठ बोटांनी चाचपून बघते. सुजलेला, गाठाळ लागला तर लिहून ठेवते; गुळगुळीत लागला तर तेही लिहिते. तुमच्या बांधावर पांगारा असेल तर तुम्हीही बघा. गाव, तारीख आणि देठाचा जवळून काढलेला फोटो, नोंदीला एवढं पुरतं.